फिलू, वादळ झालंच नव्हतं

त्या शनिवारी दुपारी आपण दोघं गॅरेजमध्ये सुके बोंबील भाजत होतो. लीनाला पाचवा महिना, घरात वास आला की पोरगी सिंककडे धावते, म्हणून तूच कॅम्पिंगची शेगडी बाहेर काढलीस, शटर कमरेएवढं वर केलंस आणि गाडीच्या मागे प्लास्टिकचे दोन स्टूल टाकलेस. नोव्हेंबर महिना. शटरखालून येणारा वारा पायांना चावत होता. तू जावयाचं जुनं जॅकेट घातलेलं, बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या. मी डोकी मोडून देत होतो, तू तव्यावर उलटत होतीस. समोरच्या घरातली बाई कुत्रा घेऊन चालली होती. कुत्रा आपल्या ड्राइव्हवेसमोर बसूनच राहिला, बाई नाक दाबून त्याला ओढत होती.

"कुत्र्याला अक्कल आहे," तू म्हणालीस.

मग तव्यावरची नजर न काढता तू विचारलंस, "अहो, तुमचं वादळ कुठल्या महिन्यात झालं?"

"कसलं वादळ?"

"किती वादळं झाली तुमची? माल्ट्याचं."

"ऑक्टोबर." चाळीस वर्षं मी ऑक्टोबरच सांगत आलो.

"चर्चमधल्या कार्मनीचं लग्न त्याच साली, ऑक्टोबरातच झालं. म्हणते, वऱ्हाड माल्ट्याहून होड्यांनी त्यांच्या गोझो बेटावर आलं. महिनाभर समुद्र तेल ओतल्यासारखा पडलेला. तिच्या बापानं असा ऑक्टोबर परत बघितला नाही म्हणे."

मी म्हटलं, "मासा करपतोय."

करपत नव्हता. तू तरी तो उलटलास. माझ्याकडे एकदा बघितलंस. रागानं नाही. पोस्टमन दुसऱ्याच कुणाचं पत्र देऊन जातो तेव्हा माणूस जसं पाकिटाकडे बघतो, तसं. "हात धुऊन येते," म्हणालीस आणि आत गेलीस.

वॉशरूमचा नळ सुरू झाला तो बंदच होईना. मी स्टूलावरूनच ओरडलो, "फिलू, नळ!" परत ओरडलो. बोंबील उतरवला, शेगडी विझवली, मग आत गेलो. मी आधी शेगडी विझवली, हे तुला सांगून ठेवतो. तू बेसिनखाली पडली होतीस आणि पाणी वाहत होतं. अँब्युलन्स सात-आठ मिनिटांत आली. त्यांनी बरंच काही केलं. डोक्यातली नस, म्हणाले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलेलं.

तुला पुरून आज अकरा दिवस झाले. जमीन अजून गोठली नव्हती, तेवढं बरं झालं. आपल्या वसईचे चाळीस-पन्नास लोक आले होते, कुणी मिसिसागाहून, कुणी ब्रॅम्प्टनहून. सगळे सांगत होते, देवानं हाल केले नाहीत. मी मान हलवत होतो. पण तू एक प्रश्न विचारून गेलीस आणि त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो, खाडाखोड होते. तरी लिहितो.

वादळ झालंच नव्हतं.

लीना पोटात होती ते साल. मी जहाजावर तेलवाला, इंजिनाला तेल घालणारा. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत माझा पत्ता नव्हता. पत्र नाही, तार नाही. आईनं तुला काय काय ऐकवलं ते मला नंतर कळलं. "दुसरी केली असेल. गोरी असेल. पोर तुझ्या पदरात टाकून मोकळा झाला." तू रोज किनाऱ्यावर जाऊन बसायचीस. कोळणी हसायच्या, बाय, मुंबईची जहाजं इथं लागतात का? आणि एक दिवस तिथं वाळूत बसून तू नवस केलास. जे कुठलं मातेचं देऊळ त्याला परत पाठवेल, त्या देवळात माझं मूल घेऊन अनवाणी चालत जाईन.

मी नोव्हेंबरात आलो. दारातच तू विचारलंस, कुठं होता. मला उत्तर पाहिजे होतं आणि ते मी पौलाकडून घेतलं. संत पौलाचं जहाज माल्ट्यालाच फुटलं, हे लहानपणी फादर चर्चमध्ये मिस्सेत वाचायचे. तेच वादळ मी आमच्या जहाजावर आणलं. इंजीन बंद पडलं, लाटा डेकवर, कप्तान रडला. गोझो बेटावरच्या टेकाडावर मातेच्या देवळाचा दिवा दिसला. आम्ही सगळे गुडघ्यांवर आलो आणि समुद्र शांत झाला. त्याआधी बंदर नाही म्हणून पत्र नाही, मग दुरुस्तीला महिना. तू ऐकत होतीस आणि पोटावर हात धरून रडत होतीस. त्या वेळी मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला. मी तुझ्या नवसाला पत्ता दिला होता.

त्यानंतर तू कधी मोकळी झाली नाहीस. पहिली दहा वर्षं पैसे नाहीत म्हणून भागलं. मग लीनाची शाळा, मग लीनाचं लग्न. मग तिनं आपल्याला कॅनडात आणलं, आणि इथून युरोप किती जवळ, हे तू रोज नकाशात बघायला लागलीस. मी म्हणायचो, गुडघे. मी म्हणायचो, तिकडं उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. मी म्हणायचो, दगडाचं बेट आहे, नदी नाही, झाड नाही, अनवाणी काय चालशील? तू म्हणायचीस, "दगडाचं आहे म्हणून तर नवस लागतो. गालिच्यावर चालायचं असेल तर मी मॉलमध्ये जाईन."

विनिपेगला असताना लीनाचं पहिलं बाळ गेलं, चौथ्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मिल्टनला आल्यावर दुसरं गेलं, तेव्हा बेसमेंटमध्ये पलंगावर बसून तू म्हणालीस, "मी मूल घेऊन येते म्हटलं होतं. नेलं नाही. आता ती मुलं घेतेय."

मी म्हटलं, "माता असली वसुली करत नाही. मूर्खासारखं बोलू नको."

"तुम्हाला काय माहीत?"

मला माहीत होतं, फिलू. त्या पलंगावर तुझ्याशेजारी बसून मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर ती भीती तिथंच गळून पडली असती. मी टीव्ही लावला.

तू फादरकडेही गेलीस. ते म्हणाले, म्हातारपणी एवढा प्रवास कशाला, नवसाच्या जागी रोझरी म्हण, मी सोडवतो तुला. तू रोझरी म्हटलीस आणि घरी येऊन म्हणालीस, "फादरनं सोडलं. तिनं सोडलंय का, ते कोण सांगणार?"

मग ही कार्मनी आली. पॅरिश हॉलमध्ये मिस्सेनंतरच्या कॉफीला एक बुटकी, काळ्या कोटातली म्हातारी तुझ्यासमोर बसली आणि म्हणाली, मी गोझोची. तू कपभर कॉफी सांडलीस. दर रविवारी ती बाई तुला बेट वाढायची. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. शेताच्या कडेला निवडुंगाचं कुंपण, त्याचीच लाल फळं खायची. गाव मूठभर आणि देवळाचा घुमट असा की सगळं गाव त्यात मावून वर शेजारचं गाव मावेल. होडीच्या नाकावर दोन डोळे रंगवलेले, समुद्रात होडीनं स्वतः बघावं म्हणून. खडकात खोदलेली मिठागरं, चौकोन चौकोन, बायका उन्हात मीठ झाडून गोळा करतात. हे ऐकून तू खूष. "आपल्यासारखंच की! आपलं चिखलात, त्यांचं दगडात."

एकदा तू घरी येऊन हळूच सांगितलंस, "अहो, ही माणसं देवाला अल्ला म्हणतात. कॅथलिक आहेत आणि अल्ला म्हणतात. उपासाच्या चाळीस दिवसांना रांदान म्हणतात. मी विचारलं, तुम्ही आधी कोण होता? तर म्हणते, आम्ही पौल आला तेव्हापासून कॅथलिक, तुम्ही कधीपासून?" आणि हसलीस. पौलाला साप चावला आणि काही झालं नाही, तेव्हापासून बेटावरच्या सापांचं विष गेलं, हे तुला ठाऊक होतं. कार्मनीनं पुढचं सांगितलं, की विष वाया गेलं नाही, आमच्या बायकांच्या जिभेत गेलं. तू मला म्हणालीस, "म्हणून तुम्हाला तिकडं जायचं नाही."

मी हसलो नाही. ती जीभ कधी माझ्या नावावर येणार, एवढंच मी बघत होतो. ती बोलताना दर वाक्याला "मेला, मेला" करते. त्यांच्यात त्याचा अर्थ नुसता "बरं, मग" असा. मला माहीत असूनही दर वेळी मी दचकायचो.

यंदा मार्चात ती कमान पडली. समुद्रात पाय टाकून उभी असलेली ती दगडाची खिडकी, गोझोची सगळी चित्रं तिचीच. एका वादळात गेली, एक दगड उरला नाही. कार्मनीनं फोनवर दाखवलं. आधी कमान होती, नंतर नुसतं पाणी. ती बाई रडली. तू रडली नाहीस. घरी येताना गाडीत म्हणालीस, "दार बंद केलं तिनं." लीना गाडी चालवत होती. म्हणाली, "ममा, इट्स इरोजन. लाखो वर्षं पाणी लागतंय त्याला." तू म्हणालीस, "हो ग. पण पडलं यंदा."

आणि ऑगस्टमध्ये लीनानं सांगितलं, तिसऱ्यांदा.

त्या दिवसापासून तू मोजायला लागलीस. महिने, आठवडे. सप्टेंबरात कार्मनीनं तिच्या पुतण्याच्या घरच्या खोल्या देऊ केल्या. तू बॅगेला टॅग बांधलास. मी भांडण काढलं. वाईट भांडलो, लक्षात आहे. मी म्हटलं, तुझ्या असल्या भाकडकथांनी पोरीला वेडं करशील. तू म्हणालीस, "भाकडकथा? तुम्ही तिथं गुडघ्यावर बसला होता ना?" मी म्हटलं, "विषय संपला." टॅग तसाच आहे बॅगेला. परवा मी कापायला गेलो आणि नाही कापला.

आता खरं काय ते ऐक. जहाज माल्ट्याच्या गोदीत दुरुस्तीला होतं, ऑगस्ट. दोन दिवस सुट्टी. मी आणि एक मंगळूरवाला फेरीबोटीनं गोझोला मातेच्या सणाला गेलो. सकाळपासून फटाके, दोन बँड एकमेकांवर कुरघोडी करत वाजवणारे, लाकडी सज्ज्यांतून कागदाचे तुकडे उधळणाऱ्या बाया. मी वाईन प्यालो. दोन दिवस प्यालो. मंगळूरवाला परत गेला, मी निवडुंगाच्या बांधाखाली पडलेलो. शुद्धीवर आलो तेव्हा जहाज गेलं होतं. माझे कागद कप्तान एजंटाकडे टाकून गेला.

बाई नव्हती. आईचं खोटं होतं, हे तुला आज पहिल्यांदा सांगतो. नझ्झू नावाचा एक पाववाला होता. त्यानं मला उचललं, अंघोळ घातली आणि भट्टीवर ठेवलं. लाकडाची भट्टी. पीठ मळायचं, फळ्या वाहायच्या. रविवारी सगळा गाव आपापल्या घरचे मांस-बटाट्याचे ट्रे घेऊन यायचा. बायका मिस्सेला, जेवण आमच्या भट्टीत. प्रत्येक ट्रेला पत्र्याचा बिल्ला, तसाच बिल्ला बाईच्या हातात. माझं काम बिल्ले जुळवायचं. एकदा चुकलो. एका घरचा ससा दुसऱ्या घरी गेला. दोन बायका भर चौकात माझ्या नावानं ओरडत होत्या आणि नझ्झू पोट धरून हसत होता.

एजंट म्हणाला होता, महिन्याभरात दुसरं जहाज बघतो. सप्टेंबरात जहाज मिळालं. मी गेलो नाही.

हे आहे ते, फिलू. वादळ कुठल्या महिन्यात, असं तू विचारलंस. सप्टेंबरात मला परत येता आलं असतं आणि मला यायचं नव्हतं. तिथं कुणी शिव्या घालत नव्हतं. संध्याकाळी कट्ट्यावर टोमॅटो चोळलेला पाव खायचा, पाय हलवत समुद्र बघायचा. चोवीस वर्षांचा होतो. वसई, आई, तू, येणारं पोर, ही सगळी दुसऱ्या कुणाची तरी माणसं वाटत होती. तुला पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. तू वाळूत बसली होतीस तेव्हा मी असा होतो.

नझ्झूची आई म्हातारी, काळ्या कपड्यातली, तोंडात दोन दात. माझा सदरा धुताना तिला खिशात आपल्या लग्नाचा फोटो सापडला. फोटो माझ्यासमोर धरला, मग स्वतःच्या पोटावरून हात फिरवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खोटं बोलायचं सुचलं नाही, तिची भाषा येत नव्हती. दुसऱ्या सकाळी तिनं मला भट्टीला हात लावू दिला नाही. स्वतःचे जोडे काढले, माझेही काढायला लावले आणि त्या टेकाडावरच्या देवळापर्यंत मला चालवत नेलं. तास-दीड तास. दगड, काटे. आत गेल्यावर माझी मान धरून गुडघ्यावर बसवलं आणि रडत रडत मला शिव्या दिल्या. त्यातला एक अल्ला तेवढा कळला. दोन दिवसांनी फेरीबोटीवर घातलं. हातात पाव दिला. धक्क्यावर उभी राहिली, बोट सुटेपर्यंत, मी उतरतो की काय म्हणून.

हे चाळीस वर्षांत तुला सांगितलं नाही, कारण वादळातून वाचलेल्या नवऱ्याला तू गरम पाणी काढून दिलं होतंस. यायचं नव्हतं अशा नवऱ्याला काय दिलं असतंस, ते बघायची छाती झाली नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी लीना स्वयंपाकघरात बसली होती. फोन सारखा वाजत होता. डोळे सुजलेले. ती म्हणाली, "डॅडी, चर्चमध्ये स्टॉर्मची स्टोरी तुम्हीच सांगा. ममाची फेव्हरिट."

मी म्हटलं, "स्टॉर्म नव्हता."

"व्हॉट?"

मी सगळं सांगितलं. तुला वर सांगितलं तेवढं, त्यापेक्षा वाईट शब्दांत. आधी तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग तिला कळलं. ती उठून फ्रिजला टेकली.

"तिला वाटत होतं माझी बाळं तिच्यामुळे गेली," ती म्हणाली. "मला मिठी मारून सॉरी म्हणायची. मला कळायचंच नाही कशासाठी. अँड यू न्यू. तुम्ही ऐकत होता."

"हो."

"यू लेट हर."

ती पोटावर हात धरून उभी राहिली, अगदी तुझ्यासारखी. मग म्हणाली, "फ्युनरलला तुम्ही बोलू नका. फक्त उभे राहा." आणि दार लावताना थांबून म्हणाली, "आणि ऐका. माझं बाळ कुणाचं काही देणं लागत नाही."

मी खाली येऊन तुझ्या बाजूला बसलो, म्हणजे पलंगाच्या तुझ्या बाजूला. लीना बरोबर आहे. बाळ काही लागत नाही. पण मी विचार केला, वादळ खोटं असलं तरी देऊळ खोटं नव्हतं. त्या दारातूनच मला परत पाठवलं. तू वाळूत बसून जे मागितलंस ते दिलं गेलं होतं, आणि मी जो पत्ता दिला तो बरोबरच निघाला. फेडायचं मात्र तुझ्याकडे कधीच नव्हतं. ते माझं होतं आणि चाळीस वर्षं मी ते तुझ्या डोक्यावर ठेवून हिंडत होतो. लीनाला सहावा लागेल. मला भीती वाटते, फिलू. तुझी होती ती सगळी आता माझ्याकडे आलीय.

रविवारी सकाळी मी कोट घालून निघालो. जावयानं विचारलं, "पप्पा, कुठं?" मी म्हटलं, फोटो काढायला. तो म्हणाला, मी सोडतो. मी नको म्हटलं. फार्मसीपर्यंत चालत गेलो, अर्धा तास, फुटपाथवर रात्रीचा पातळ बर्फ होता. काउंटरवर एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. माझं इंग्रजी ऐकून मराठीत बोलली. नाशिकची.

"कशासाठी फोटो, काका?"

"पासपोर्ट. मुदत संपलीय."

"कुठं फिरायला?"

"चालायला."

तिनं मला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. म्हणाली, चष्मा काढा, टोपी काढा, हसू नका, हसलेला चालत नाही. मी म्हटलं, काढ. पहिल्या फोटोत डोळे मिटले होते. दुसऱ्यात मी खाली बघत होतो. ती म्हणाली, "काका, अर्ज परत येईल असला. सरळ माझ्याकडे बघा." तिसऱ्यांदा मी सरळ बघितलं.